कथा-कादंबऱ्यांतल्या शिव्या: वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभाग सांभाळते. पुस्तक परत करताना एक तक्रार हमखास कानावर येते: "मॅडम, पुस्तक चांगलं आहे, पण शिव्या फार आहेत हो." कोणी कुजबुजत सांगतं, कोणी पुस्तक टेबलावर आपटून. उलट बाजूची तक्रारही येते, बहुतेक तरुण सभासदांकडून: "खून करायला आलेला गुंड 'मूर्खा, थांब' म्हणतो. कोण बोलतं असं?" मला दोन्ही तक्रारी खऱ्या वाटतात, म्हणून त्यांतून निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शिवी लिहिल्याशिवाय मुद्दा कळणार नाही तिथे ती लिहिली आहे.

पूर्वीच्या मराठी पुस्तकांत शिव्या नव्हत्या. हे सगळं हल्लीचं आहे ना?

नाही. भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५चा. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या, नाक्यावर दिवस काढणाऱ्या पोरांचं जग त्यात पोक्या सांगतो आणि आपल्याच भाषेत सांगतो. त्यावर गदारोळ झाला. पुढे १९७२ या एकाच वर्षात नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला आणि विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं. मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीची भाषा तोवर मराठी कवितेच्या वाचकाच्या कानावर पडलेलीच नव्हती. 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरले होते.

तरी "पूर्वी असं नव्हतं" ही आठवण खोटी म्हणता येत नाही, कारण ती दुसऱ्या पुस्तकांची आठवण आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांत खून, दरोडे, विषप्रयोग, अपहरण सगळं आहे, पण खलनायकाचं तोंड स्वच्छ. याचं कारण घरातल्या वाचनात होतं. पुस्तक वाचनालयातून दोन दिवसांसाठी यायचं आणि तेवढ्यात आजोबा, सून, नातू सगळे ते वाचून काढायचे. एकच प्रत घरभर फिरणार हे लेखकाला आणि प्रकाशकाला पक्कं ठाऊक होतं. गंभीर साहित्यात शिव्या आणि रंजक साहित्यात गाळीव भाषा अशी वाटणी त्यातून झाली.

ती वाटणी हळूहळू मोडली. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'त (१९८२) कट्ट्यावरची पोरं कट्ट्यावरच्या भाषेच्या बरीच जवळ आली. आज वेब सिरीज बघून वाढलेला लेखक रहस्यकथा लिहितो तेव्हा त्याला जुनी वाटणी माहीतही नसते. वाचक मात्र ती मनात धरून येतो. विरंगुळ्यासाठी उचललेल्या पुस्तकात तिसऱ्या पानावर आईवरची शिवी भेटली की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

शिवी नेमकी कुठे खटकते? काही पुस्तकांत ती खटकतही नाही.

शब्द तोच असला तरी जागा बदलली की त्याचा परिणाम बदलतो. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी' ही दलित-भटक्या लेखकांची आत्मकथनं वाचलेले आमचे कितीतरी सभासद त्या भाषेबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तेच सभासद कॉलेजमधल्या प्रेमकथेत दर चार ओळींनी "साला" आला की वैतागतात. आत्मकथनातली शिवी कोणीतरी खाल्लेली असते, तिची किंमत कोणी मोजली ते पानावर दिसत असतं. प्रेमकथेतला "साला" कोणालाच लागत नाही, मग तो तिथे कशाला असा प्रश्न पडतो.

संवाद की निवेदन, यानेही फरक पडतो. पात्राने दिलेली शिवी वाचक पात्राच्या खात्यावर मांडतो. तृतीयपुरुषी निवेदनात आली तर ती सरळ लेखकाच्या खात्यावर जाते. 'वासूनाका'त निवेदकच नाक्यावरचा असल्यामुळे ती भाषा टिकते. बाहेर उभं राहून सांगणारा लेखक मध्येच तसं बोलायला लागला, तर तो पात्राची नक्कल करतोय असं वाटतं आणि वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास उडतो.

आणि संख्या. पहिली शिवी ऐकू येते. पंधराव्या शिवीपर्यंत डोळे तिच्यावरून घसरायला लागलेले असतात. "शिव्या फार आहेत" म्हणणाऱ्या वाचकाला थोडं बोलतं केलं की पुष्कळदा कळतं, त्याला धक्का बसलेलाच नाही. तो कंटाळला आहे.

शिवराळ म्हणजेच अश्लील ना? कायदा काय म्हणतो?

या दोन्हींत कायद्याने फरक केला आहे, आणि तो करताना एक मराठी खटला महत्त्वाचा ठरला. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या कलमाखाली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ साली काकोडकर सुटले. न्यायालयाने तेव्हा मांडलेला विचार आजही पालकांना सांगावासा वाटतो: नुसता लैंगिकतेचा उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचं, तर कुठलंच पुस्तक विकता येणार नाही, फक्त धार्मिक पुस्तकं उरतील.

पण शिवराळ भाषेपुरता खरा टप्पा १९८५चा. बंगाली लेखक समरेश बसू यांची 'प्रजापती' ही कादंबरी 'देश' या बंगाली नियतकालिकाच्या १९६७च्या शारदीय अंकात आली होती. खालच्या न्यायालयांनी लेखकाला दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. असभ्य लेखन अश्लील असेलच असं नाही, असं न्यायालय म्हणालं. असभ्यतेने किळस येईल, शिसारी येईल, कंटाळाही येईल, पण वाचकाची नीती बिघडेल असं नाही. न्यायाधीशांनी कंटाळ्याची नोंद घ्यावी याचं मला फार कौतुक वाटतं. सामान्य वाचक हेच तर सांगत असतो.

पुढे २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात न्यायालयाने जुनी ब्रिटिश हिक्लिन कसोटी (कच्च्या मनाच्या वाचकाला लेखन बिघडवेल का, एवढंच बघणारी) बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापदंडांची कसोटी धरली. २०२४च्या मार्चमध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेब सिरीजच्या प्रकरणात तर मुद्दा थेट शिव्यांचाच होता. दिल्ली उच्च न्यायालयाला ती भाषा इतकी अर्वाच्य वाटली होती की भाग इअरफोन लावून ऐकावे लागले, असं निकालातच म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नुसत्या शिव्या आणि असभ्य बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे असं ठरवून गुन्हा रद्द केला. शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असेल, पण बोलताना ती राग, वैताग, धक्का, दोस्ती व्यक्त करते आणि ऐकणाऱ्याच्या मनात लैंगिक भावना जागवत नाही, अशी ती मांडणी होती.

एक अपवाद लक्षात असू द्या. वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात २०१५ साली न्यायालय म्हणालं की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले तर कसोटी अधिक कडक लागेल. त्या प्रकरणात माफी मागितलेल्या प्रकाशक-मुद्रकाची सुटका झाली, कवीची नाही. दंड संहितेचं २९२ कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत २९४ या क्रमांकाने आलं आहे.

पुस्तकांना सेन्सॉर असतो का?

छापण्याआधी नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता मात्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. 'सखाराम बाइंडर'चा प्रयोग याच मंडळाने अडवला होता आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात जाऊन तो सोडवून घेऊन आले. त्याआधी तेंडुलकरांच्याच 'गिधाडे' नाटकात साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली गेली. तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा अशी घोषणा प्रयोगाआधी सुरू केली. अमोल पालेकरांनी २०१६ साली या पूर्वपरीक्षणालाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

कादंबरीला यातलं काही लागू नाही. म्हणूनच तिथे संपादकाची जबाबदारी जास्त आहे, आणि आपल्याकडे कादंबरी नीट बसून संपादित करणारी माणसं फार थोड्या प्रकाशकांकडे आहेत.

शिवीच्या जागी फुल्या किंवा टिंबं टाकली तर सगळ्यांचंच समाधान होईल ना?

माझ्या अनुभवात कोणाचंच होत नाही. ज्याला शिवी नको त्याला फुल्यांतूनही ती ऐकू येते, उलट काय असेल ते त्याला मनात भरावं लागतं. ज्याला चालते त्याला लेखक कचरला असं वाटतं.

आमच्याकडे एका कादंबरीची प्रत आहे. कोणा सभासदाने निळ्या बॉलपेनने तिच्यातली प्रत्येक शिवी खोडली आहे, आणि खोडताना पानामागे पेनचे वळ उमटावेत इतका जोर दिला आहे. काही पानांनंतर समासात दुसऱ्या अक्षरात पेन्सिलीने प्रत्येक खोडलेला शब्द परत लिहिलेला. एके ठिकाणी पेन्सिलवाल्याने चुकीची शिवी लिहिली आहे, मूळ शब्द बराच सौम्य होता. ती प्रत मी रद्दबातल केलेली नाही. झाकलेली शिवी वाचणाऱ्याच्या मनात मोठी होते, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा नाही.

झाकण्याची सवय जुनी आहे. "भले तरी देऊ कासेची लंगोटी" ही तुकोबांची ओळ आपण शाळेत पाठ केली. गाथेत "गांडीची लंगोटी" आहे. देहूचा वाणी जसं बोलला तसं लिहिलेलं वारकऱ्यांनी शतकानुशतकं म्हटलं, त्यांच्या भक्तीला काही बाधा आली नाही. शिकलेल्या मध्यमवर्गाला मात्र तो शब्द वर्गात म्हणवेना. शाळेपुरतं मी समजू शकते. पण मोठ्यांसाठीच्या पुस्तकात शब्द पूर्ण लिहावा किंवा मुळीच लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग न लिहिता राग दाखवायचा कसा?

मराठीत त्याची सोय फार चांगली आहे. "त्याने एक कचकचीत शिवी हासडली." "म्हातारीने शिव्यांची लाखोली वाहिली." "सगळ्या खानदानाचा उद्धार केला." "तोंडाचा पट्टा सोडला." यातल्या प्रत्येक वाक्यात शिवी देण्याची वेगळी रीत दिसते: एकच आणि जोरात, भराभर आणि पुष्कळ, पिढ्या मोजून, न थांबता. ही वाक्यं वापरणाऱ्या जुन्या लेखकांना भित्रे म्हणणं अन्याय आहे. शब्द नेमका काय होता याला महत्त्व नसेल आणि तो कसा दिला गेला याला असेल, तिथे हीच रीत सरस ठरते.

शब्द नेमका काय होता यावरच सगळं अवलंबून असेल तर मात्र तो लिहावाच लागतो. जातीवरून दिलेली शिवी "त्याने जातीचा उद्धार केला" अशी सांगितली, तर देणारा सुटतो.

खेड्यातली माणसं खरंच इतक्या शिव्या देतात का?

देतातही आणि नाहीतही. हा प्रश्न विचारणारे बहुतेक सभासद स्वतः खेड्यातलेच असतात आणि त्यांच्या विचारण्यात राग असतो. शहरातला लेखक गावाकडचं पात्र आणतो तेव्हा बोलीचा अभ्यास करण्याऐवजी त्याच्या तोंडात शिव्या भरतो, असं त्यांचं म्हणणं. ते मला शंभर टक्के पटतं.

मालवणी मुलखात शिवी मायेची असू शकते. मित्र फार दिवसांनी भेटला आणि शिवीशिवाय बोलला तर काहीतरी बिनसलंय असं समजतात. 'वस्त्रहरण'चे पाच हजारांवर प्रयोग झाले, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि त्यातल्या रांगड्या बोलण्यावर कोणी पुस्तक आपटावं तशी आदळआपट केली नाही. शिमग्याला बोंबा मारतात, पण ती मुभा त्या दिवसांपुरती. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. यालाच बोरीचा बार म्हणतात. बार झाला की त्याच बायका आपापल्या घरी जाऊन एरवीसारख्या बोलतात. गावात शिवीला दिवस आहे, जागा आहे, नातं आहे. सासऱ्यासमोर काय बोलायचं नाही आणि मेव्हण्याला काय बोललेलं चालतं, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं.

हे न कळणारा लेखक काय करतो ते दाखवते. विदर्भातलं एक कापूस खरेदी केंद्र घ्या. ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला म्हणून ग्रेडरने गाडी परत केली आहे. एक लेखक लिहील:

"अरे भडव्या, चार दिस झाले ना भडव्या गाडी लावून! आता सांगतं का भडव्या, कापूस वला हाये म्हनून?"

दुसरा लिहील:

"चार दिस झाले साहेब गाडी लावून. बैलाईचा चारा सरला. कालच मोजलं असतं तं वाळेल होता. रात्री पानी आलं, त्याले मी काय करू?" ग्रेडर पुढच्या गाडीकडे वळला. शेतकऱ्याने जू उचललं आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "भडवे."

पहिल्या उताऱ्यात शिवी तीनदा आहे आणि शेतकरी कुठेच नाही. शिवाय ज्याच्या हातात माप आहे त्याच्या तोंडावर अडलेला माणूस असं बोलत नाही, हे लेखकाला माहीत नाही. दुसऱ्यात ती एकदाच आहे, आणि ऐकणारा पाठ फिरवून गेल्यावर आहे. आमचे वाचक शिवी खटकते म्हणतात तेव्हा ती बहुतेक पहिल्या प्रकारची असते.

बहुतेक शिव्या बायकांवरूनच असतात. वाचताना त्रास होतो. हा त्रास चुकीचा आहे का?

अजिबात नाही. हा त्रास म्हणजे बुरसटलेपणा असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

भांडण दोन पुरुषांचं, बांधावरून नाहीतर पार्किंगवरून, आणि शिवी जाते घरात बसलेल्या आईला, बहिणीला, बायकोला. तिचा त्या भांडणाशी संबंध नसतो. आमच्या एक सभासद, निवृत्त शिक्षिका, सगळं वाचतात. त्यांनी मला सांगितलं की अशी शिवी आली की क्षणभर त्या कथेतून बाहेर पडतात, कारण ती पात्राने पात्राला दिलेली असली तरी त्यांच्याकडे बघून दिल्यासारखी वाटते. पुरुष वाचकाला तीच शिवी नुसता रागाचा आवाज म्हणून ऐकू येते. "मुलं आजकाल असंच बोलतात" या उत्तराने हे अंतर मिटत नाही. मुली हल्ली त्याच शिव्या देतात हेही खरं, पण म्हणून शिवीचा रोख बदललेला नाही.

याचा अर्थ लेखकाने त्या शिव्या वगळाव्यात असा मी काढत नाही. पुरुष असं बोलतात, तर कथेतले पुरुषही असं बोलतील. पण ती शिवी ऐकणारी बाई त्या प्रसंगात हजर असेल, तर तिचं काय झालं याकडे लेखकाने बघितलं पाहिजे. ती भाजी चिरत राहिली की सुरी थांबली? तिने रेडिओ मोठा केला? लोकप्रिय कादंबऱ्यांत तेवढं एक वाक्य सहसा नसतं, आणि माझा खरा आक्षेप त्या न लिहिलेल्या वाक्याला आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाईच्या तोंडी शिवी आली की तक्रारी वाढतात, आणि तक्रार करणाऱ्यांत बायकाही असतात. 'सखाराम बाइंडर'मधली चंपा दारू पिते, शिव्या देते. लालन सारंग यांनी ती उभी केली तेव्हा सखारामाच्या बोलण्याइतकंच तिचं बोलणं लोकांना झोंबलं. "बाई असं बोलत नाही" हे खरं असतं तर बोरीचा बार कधीच बंद पडला असता.

जातिवाचक शिव्यांनाही हाच न्याय लावायचा का?

नाही, ती गोष्ट वेगळी आहे. आईवरची शिवी कोणीही कोणालाही देतो. जातीवरची शिवी वरून खाली जाते, आणि आपल्या देशात ती कायद्याने गुन्हा ठरते याला कारण आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी 'अक्करमाशी' (१९८४) आणि लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' (१९८७) ही आपल्यावर फेकलेली हेटाळणी स्वतः उचलून मुखपृष्ठावर लावली. तो हक्क त्यांचा. तसंच करायला निघालेल्या बाहेरच्या लेखकाला ती ताकद उसनी मिळत नाही.

विनोदासाठी, पात्र "रांगडं" दाखवण्यासाठी जातीवरची शिवी किंवा म्हण वापरलेली दिसली, की मी ते पुस्तक नव्या खरेदीत सुचवत नाही. तोच शब्द अत्याचार दाखवण्यासाठी पूर्ण लिहिलेला असेल तर आवर्जून सुचवते.

इंग्रजी शिवी देवनागरीत आली तर तेवढी लागत नाही. असं का?

कारण ती आपण लहानपणी खाल्लेली नसते. बहुभाषक माणसांचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ जाँ-मार्क डेवाले यांनी २००४ साली मांडलं की शिवीचं बळ बहुतेकांना पहिल्या भाषेत सगळ्यात जास्त जाणवतं. वाचक "फक" वाचून पुढे जातो आणि त्याच अर्थाची मराठी शिवी आली की अडखळतो, ते यामुळेच.

अनुवादात यामुळे मोठी पंचाईत होते. इंग्रजी थ्रिलरमध्ये पात्रं सहज बोलता बोलता जे बोलतात त्याला मराठी आईवरची शिवी ठेवली तर फार जड होते, आणि "मूर्खा", "नालायका" ठेवलं तर माफिया शाळामास्तरासारखा बोलायला लागतो. "च्यायला", "साल्या", "हरामखोरा" यांवर अनुवादकांचा सगळा भार असतो. चांगला अनुवादक शब्दाला शब्द न ठेवता वाक्याचा ठसका बदलतो.

ऐकताना शिवी जास्त बोचते का?

हो. २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं आणि मराठी पुस्तकं कानाने वाचणारे वाढले. छापील शिवी मनात वाचता येते, नजर पुढे सरकवता येते. ऐकताना ती एका खऱ्या आवाजात, ठरलेल्या जोराने येते, आणि स्वयंपाकघरात मोबाइल लावलेला असेल तर सासूबाईंनाही ऐकू जाते. हेडफोन वापरा, यापेक्षा मोठा सल्ला माझ्याकडे नाही.

मुलाच्या हातात असं पुस्तक पडलं. काय करू?

हिसकावून घेऊ नका. आठवी-नववीच्या मुलाने यातला प्रत्येक शब्द शाळेच्या बसमध्ये ऐकलेला असतो. पुस्तकात तो कोणी, कोणाला, कशासाठी म्हटला हे दिसतं, बसमध्ये ते दिसत नाही. "हा माणूस असं का बोलला असेल?" एवढंच विचारा आणि उत्तर ऐका. अगदी लहान मुलांसाठी बालविभाग वेगळा आहेच.

मी लिहितो. शिव्या ठेवू की काढू?

संवाद मोठ्याने वाचा, शक्यतो ती बोली बोलणाऱ्या माणसासमोर. शिवी काढून पुन्हा वाचा. राग कमी झाला नाही तर काढून टाका. कमी झाला तर ठेवा, आणि पूर्ण अक्षरांत ठेवा. दोन पात्रं एकसारख्याच शिव्या देत असतील तर तुम्ही त्यांना अजून ओळखत नाही असं समजा, कारण रिक्षावाला, पोलीस हवालदार आणि कॉलेजचा मुलगा एकसारखे चिडत नाहीत. प्रकाशकाने "घरोघरी जाणारं पुस्तक आहे" असं सांगून शिव्या काढायला लावल्या, तर कुठल्या काढायच्या हे तुम्ही ठरवा, सरसकट काढू देऊ नका.

तुमच्या वाचनालयातलं एखादं पुस्तक मला आक्षेपार्ह वाटलं तर?

लेखी द्या. पान क्रमांक लिहा आणि पुस्तक पूर्ण वाचलं आहे का तेही लिहा. नसेल तर आधी वाचून घ्या, त्यासाठी मुदत वाढवून मिळेल, विलंब शुल्क लागणार नाही. मग ग्रंथनिवड समितीतले दोन सदस्य आणि मी ते पुस्तक वाचतो आणि तुम्हाला बोलावून चर्चा करतो. नुसत्या शिव्या आहेत म्हणून आम्ही आजवर एकही पुस्तक कपाटातून काढलेलं नाही. तुम्हाला न चालणाऱ्या पुस्तकांची कल्पना दिलीत, तर पुढच्या वेळी पुस्तक देताना मी आधीच सांगेन. पेनने मात्र काही खोडू नका.